अळणी

शनिवारी पहाटे कांदा-बटाटा मार्केटात
थप्पी कोसळली,
आणि पहिल्या मजल्यावरचा दशरथ उतेकर
घरी आला तो चादरीतून.

आमचं लोखंडी कपाट त्यानेच वर आणलं होतं,
एकट्याने, पाठीवर, तीन जिने.
पैसे घेतले नाहीत. तांब्याभर पाणी प्यायला
आणि म्हणाला, "काकू, आतली पुस्तकं तरी काढायची होती."

कोपरखैरण्याच्या माथाडी घरांत
बातमी जिन्यानेच येते.
रात्रभर रडणं खालून वर येत राहिलं,
मग थांबलं.
ते थांबणं जास्त ऐकू आलं.

दुसरा दिवस, महिन्यातला पहिला रविवार.
प्रभुभोजन.
मी गायनमंडळात, दुसरं गीत माझं एकटीचं,
प्रीतीवरचंच होतं.
आई पांढरी साडी नेसली
आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.
"आई, भोजन चुकेल."
"हं," म्हणाली. तवा ठेवला.

कडू घास म्हणतात याला.
जिथं चूल पेटत नाही
तिथं दुसऱ्याच्या चुलीवरून जातो.
"पण आपल्यात कुठं असतं असलं?"
"त्यांच्यात असतं ना."

दारात जावळीहून आलेली म्हातारी.
"कुठली माणसं?"
"वरची. तिसऱ्या मजल्यावरची."
"तसं न्हवं."
"किरिस्ताव," आई म्हणाली. "आमच्या हातचं चालंल का?"
म्हातारी बराच वेळ टोपलीकडे बघत राहिली,
मग सरकली,
एका बाईला बसता येईल एवढीच.

पिठल्याचं पातेलं आत सरकवून
मी उंबऱ्याबाहेरच राहिले.
ते हातात होतं तोवर वाटत होतं,
मीही काहीतरी उचललंय.

भिंतीवर खिळ्याला त्याचा हूक लटकत होता,
पोती ओढायचा, मूठ घासून गुळगुळीत झालेली.
आई त्या खिळ्याकडे बघत होती.
प्रार्थना केली असेल तर ओठ हलले नाहीत.
घरी गुडघ्यांमुळे स्टुलावर बसणारी बाई
फरशीवर बसली,
कमलच्या खांद्याला खांदा लावून.

कमल कालपासून जेवली नव्हती, बोललीही नव्हती.
आईने भाकरी मोडली,
पिठल्याला लावून तिच्या तोंडाशी नेली.
तोंड उघडेना.
आई हात तसाच धरून बसली.
हात थरथरायला लागला, खाली आला नाही.
कधीतरी तिने घास घेतला. चावला.
आणि म्हणाली,
"काकू, मीठ नाही यात."

चाळीस वर्षांत आई कधी मीठ विसरली नव्हती.
तिने एक घास स्वतःच्या तोंडात घातला.
"नाही गं," म्हणाली. "नाहीच."
आणि मग कमल जी रडली
ती आईच्या मांडीत, त्या पांढऱ्या साडीत,
आणि आईसुद्धा, मोठ्याने, तोंड उघडून,
बाबा गेले तेव्हाही रडली नव्हती तशी.
मीठ आणायला कुणी उठलं नाही.
तसंच संपलं ते पिठलं.
शेवटची अर्धी भाकरी म्हातारीने घेतली,
काही न विचारता.

संध्याकाळी पाळकसाहेब आले,
अंथरुणाला खिळलेल्यांकडे नेतात
ती छोटी पेटी घेऊन.
"बाई, दिसला नाहीत. म्हटलं तब्येत. भोजन आणलंय."
"माझं झालं," आई म्हणाली.
मला वाटलं, जेवणाचं बोलतेय.
त्यांनाही तेच वाटलं असावं.
मग ते जरा थांबून म्हणाले, "कुठं?"
आईने बोट फरशीकडे केलं. खाली.

पेटीची कडी त्यांनी उघडली होती, ती परत लावली.
आई गुडघ्याला बाम चोळत
त्यांना वाट सांगत होती:
पहिला मजला, डावीकडचं दार,
चपला बाहेर काढा,
आणि तिथं, पाळकसाहेब, काही बोलू नका.